इंदू काकूंच्या तळहातावरची टिकली

नरहर काका काकूंशी मराठीत बोलतात आणि उंदरांशी हिंदीत. "उंदराले मराठी कुठून येईल? हैदराबादहून आले ते." एका प्रयोगशाळेच्या प्राणीघरात ते पिंजरे धुतात, दाणापाणी करतात. आवाज आधी नाकातून निघतो, मग घशातून: "अंऽ, भैया, जरा सरको. हव, ऐसे." तेलीबांध्याच्या आमच्या गल्लीत मी ही नक्कल केली की सगळ्यात जास्त इंदू काकूच हसतात. डावा गाल हलत नाही, उजवाच दोघांचं काम करतो.

मागच्या दिवाळीत काकूंना लकवा मारला. चालणं जेमतेम सावरलं, पण डावा हात मांडीवर ठेवावा तिथेच राहतो. चिमटा काढला तरी कळत नाही.

प्राणीघरात नेमका लकव्याचाच प्रयोग चाललाय. उंदराच्या मेंदूतली रक्तवाहिनी बंद करतात आणि दुसऱ्या दिवशी काहींना स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, टोचतात. मग पंजाला चिकटपट्टीचा तुकडा लावून बघतात, त्याला कळतंय का, तो काढतोय का. एक दिवस काका धापा टाकत घरी आले. "इंदू! काढली त्यानं! दातानं खर्रकन काढली! तुह्या हातासारखाच मेला होता त्याचा पंजा!"

"बघ पोट्टे, माह्या हाताले पंजा म्हणून राहिले हे," काकू मला म्हणाल्या.

तेव्हापासून काका ड्यूटीवरून आले की काकूंनी डोळे मिटायचे आणि काकांनी त्यांच्या डाव्या तळहातावर टिकली चिकटवायची.

"कळलं?"

"नाही."

"आता?"

"अहो, पण चिकटवली का तुम्ही?"

"चिकटवली ना!"

"मंग नाही कळलं."

प्रयोग शर्मिष्ठा मॅडमचा. काका रोज त्यांच्या मागे. मॅडम आधी चष्मा वर करतात, मग बोलतात. "काका, हे फक्त उंदरांवर आहे. माणसाला द्यायची परवानगी नाही. उंदरात दिसलं ते माणसात दिसेलच असं नसतं. आणि त्यांना आपण दुसऱ्याच दिवशी देतो, काकूंना किती महिने झाले!"

"हव, हव." दुसऱ्या दिवशी पुन्हा: "थोडंसं तर उरतच असंल ना वो मॅडम, शिशीच्या बुडाशी?"

परवा काकू एकदम ओरडल्या, "लागलं! गार गार लागलं काहीतरी!"

काका अंगणात धावले. फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर. "मॅडम, पेशीबिगर कळून राहिलं तिले! मंग पेशी देल्या तर?"

मॅडम म्हणाल्या, "काका, उद्या एकदा काहीच न चिकटवता विचारा. मग सांगा मला."

काल काकूंनी डोळे मिटले. काकांनी टिकल्यांचं पाकीट नुसतंच हातात धरलं. काकूंच्या हाताला बोटसुद्धा लावलं नाही.

"लावली," ते म्हणाले. आवाज नाकातच अडकला.

"हव, लागली! कालच्यापेक्षा चांगली लागली. अंगठ्याच्या बाजूले ना?"

काका उभेच.

"बोला ना वो. बरोबर सांगितलं ना मी?"

काकांनी घाईघाईनं एक टिकली सोडवली, वाकले आणि अंगठ्याच्या बाजूला हलकेच चिकटवली.

"बरोबर."

काकूंनी डोळे उघडले. टिकली पाहून त्यांचा उजवा गाल वर गेला. "मंग लावा ना फोन मॅडमले!"

"आता जेवत असतील त्या," काका म्हणाले.

बाहेर अजून ऊन होतं.