स्वप्नाच्या लग्नाची फाईल

फाईल येत असल्याची हिरवी पट्टी निम्म्याच्या पुढे सरकली तशी भूपेशने खुर्ची मागे घेतली आणि लॅपटॉपकडे बघायचं बंद केलं. आपण बघत राहिलो की ती अडते, असा त्याचा पक्का समज झाला होता. चाळिशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप असलेला माणूस, पण गेले तीन दिवस तो भिंतीकडे तोंड करून बसत होता. मान वळवली ती संध्याकाळीच. पट्टी थांबली होती. खाली लिहून आलं होतं की ते ठिकाण नेटवर्कवर सापडत नाही. ते ठिकाण म्हणजे त्याच्याच घरामागची पत्र्याची खोली, वीस पावलांवरची.

भूपेश म्हात्रे हा जूचंद्रचा लग्नाचा व्हिडिओवाला. नायगावपासून विरारपर्यंत कोणाच्याही हळदीत तो दिसायचा, खांद्यावर कॅमेरा, तोंडात सुपारी, आणि नवरदेवाच्या मामाला सारखं बाजूला व्हायला सांगणारा. त्याची आई भागूबाई गावची धवलारीन. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो उशिरा, धवलारीन लागते पहिल्यापासून. हळद दळायला घेतली की त्याचं गाणं, मांडव घातला की त्याचं, नवरी निघाली की तिचं. या गाण्यांना धवले म्हणतात आणि ते कुठे लिहिलेले नसतात. भागूबाईला ते तिच्या आईने शिकवले, आईला आजीने. मायलेक एकाच लग्नाला जायचे, ती गायला आणि तो शूटिंगला. गावात चेष्टा चालायची की म्हात्र्यांच्या घरी एकदा सांगून आलं की अर्धं लगीन तिथेच उरकतं.

मागच्या वर्षी भागूबाईच्या घशात गाठ निघाली. मुंबईच्या इस्पितळात तिचं स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, डॉक्टरांचे उपकार. गळ्याला श्वासापुरतं भोक राहिलं, त्यावर ती पांढरा रुमाल बांधते. आता ती ओठ हलवते, हाताने खुणा करते; लिहायला ती कधी शिकलीच नाही. घरातल्यांना त्यातलं निम्मं कळतं, उरलेल्या निम्म्याला सगळे माना डोलवतात.

त्यानंतर गावातल्या एका हळदीत भूपेश कॅमेरा घेऊन उभा होता. धवला म्हणायला बायका बसल्या होत्या. दोन ओळी झाल्या आणि तिसरी कोणालाच आठवेना. सगळ्यांनी भागूबाईकडे पाहिलं. तिने ओठ हलवले, पुन्हा हलवले, हाताने ठेका धरून दाखवला. बायका तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. शेवटी कोणीतरी स्पीकरवाल्याला गाणं लावायला सांगितलं. भूपेशने हे सगळं कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहिलं.

घरी येऊन त्याने आईचा आवाज शोधायला घेतला, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तो नाहीच. वीस वर्षांत त्याने आईला किती लग्नांत टिपलं याची गणती नव्हती. पण लग्नाच्या सीडीवर सिनेमाची गाणी हवीत, हा धंद्याचा दंडक. गिऱ्हाईक तेच मागतं. हळद लागतेय आणि मागे हिंदी गाणं, नवरी रडतेय आणि मागे त्याहून रडकं गाणं. प्रत्येक सीडीत भागूबाई तोंड उघडायची आणि त्यातून भलत्याच बाईचा आवाज यायचा. ती सीडी बघायची, छान झालीय अशी मान हलवायची आणि उठून भात टाकायला जायची. कॅमेऱ्यातल्या टेपही महाग, म्हणून एकीवरच पुसून पुसून पाच लग्नं काढलेली. पुढे कार्डाचा कॅमेरा आला तर कार्डंही तशीच पुसली, आणि व्हिडिओवाला घरचाच म्हणून मोबाईलवर तिचं गाणं कोणी कधी घेतलं नाही.

राहिलं होतं एकच लग्न. त्याच्या बहिणीचं, स्वप्नाचं. घरचं काम, करू सावकाश, असं म्हणत त्याने ते चौदा वर्षं एडिट केलंच नव्हतं. म्हणजे त्यावर गाणी चढवलेली नव्हती. टेपवरून काढून घेतलेली सबंध चार तासांची एकच अगडबंब फाईल मागच्या खोलीतल्या जुन्या पीसीवर पडून होती. भूपेशने जाळ्या झटकल्या, बटण दाबलं, पीसी घुरघुरत उठला आणि फाईल जागेवर सापडली. त्याबरोबर आतून टकटक ऐकू यायला लागली.

वसईत क्लिफर्डचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिरीज गावचा माणूस, भूपेशचा जुना दोस्त, ख्रिस्ती लग्नांची कामं हाच त्याला मिळवून द्यायचा. भूपेशने फोन करून ती टकटक त्याला ऐकवली. क्लिफर्डने ती पुन्हा एकदा ऐकवायला सांगितली.

"हार्ड डिस्क चाललीय तुझी," तो म्हणाला. "आता एक ऐक. पीसी बंद करू नको. बंद केलास तर परत उठेल याची गॅरंटी नाही. हलवू पण नको, तिथे काही चालवून पण बघू नको. आहे तिथेच ठेव आणि जे पाहिजे ते आधी काढून घे."

काढून घे म्हणणं सोपं. खाडीच्या वाऱ्याने पेन ड्राईव्ह लावायच्या खाचा कधीच गंजून गेलेल्या. सीडीचा कप्पा उघडत नव्हता. धड होती ती फक्त नेटवर्कची वायर. ती खोलीतून निघायची, परसातून स्वयंपाकघरात शिरायची आणि पुढच्या खोलीतल्या राऊटरला जाऊन लागायची. मग त्याच वायरने फाईल लॅपटॉपवर आणायची, असं ठरलं. घरातल्या घरात, या खोलीतून त्या खोलीत. लग्नाच्या पंगतीत वाढपी यापेक्षा लांब चालतात.

पहिल्या दिवशी फाईल सकाळी सुरू केली ती संध्याकाळी तुटली. तुटली की आलेलं सगळं पुसलं जायचं आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. रात्री लावून बघितली तर मागचा पीसी लॅपटॉपला दिसेचना. सकाळी मात्र शहाण्यासारखा दिसायचा. भूपेशने मग जो जो संशयित सापडला त्याला धरला. पोरांचे मोबाईल काढून घेतले. दिपिकाची, म्हणजे बायकोची, मालिका बंद केली. लॅपटॉप राऊटरला चिकटवून ठेवला. पीसी आपोआप झोपू नये म्हणून त्याच्या सगळ्या सेटिंग बदलल्या. शेजाऱ्याच्या वायफायवर आळ घेतला. इंटरनेटवाल्याला फोन करून भांडला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमचं नेट चालू आहे." नेट चालू आहे हे त्यालाही दिसत होतं. जगातलं कुठलंही गाणं क्षणात वाजत होतं. मागच्या खोलीतलं तेवढं पुढच्या खोलीत येत नव्हतं.

आईला त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगणार काय, की तुझा आवाज मी वीस वर्षं पुसत आलो आणि आता शोधतोय? हाती लागला की एकदम ऐकवू, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. भागूबाई येता जाता त्याचं उतरलेलं तोंड बघायची, समोर चहा ठेवायची आणि निघून जायची.

चौथ्या दिवशी टकटक वाढली. आधी अधूनमधून यायची ती आता थांबतच नव्हती. भूपेश दिवसभर मागच्या खोलीत पीसीशेजारी बसून राहिला, कान लावून. जेवला नाही. दिपिका ताट घेऊन आली तर म्हणाला, "मना काय नको. ती डिस्क गेली ना, तर आयेचा आवाज गेला. समजतंय ना तुला?" दिपिकाला समजत होतं. ती ताट तिथेच झाकून ठेवून गेली. सासूच्या शेजारी बसून तीही कितीदा धवल्यांना साथ द्यायची, पण मागून, शेवटचा शब्द ओढण्यापुरती. सुरुवात कधी तिच्यावर आलीच नव्हती.

लॅपटॉपवरची पट्टी पाऊण झाल्याचं दिपिका मघाशी सांगून गेली होती. दिवस कलला, परसात अंधारून यायला लागलं. खोलीतून भूपेशला समोर घराचं मागचं दार दिसत होतं, आणि त्या दारात आई आली. तिने परसाकडे एक नजर टाकली आणि दार ओढून घेतलं. दार थोडं अडलं. तिने जोर लावला, ते बसलं. त्याच क्षणी पीसीच्या मागे, वायर लागते तिथला हिरवा दिवा विझला.

तिन्हीसांजेला दिवा लावायचा तर पुढचं दार उघडं आणि मागचं बंद, म्हणजे पुढून आलेली लक्ष्मी मागून निघून जात नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून भागूबाईने हे एक दिवस चुकवलं नव्हतं. आणि ती वायर त्याच दाराच्या फटीतून जात होती. रोज दार लागायचं, वायर चेपायची, सकाळी दार उघडलं की जेमतेम जीव धरायची. आतून तुटत आलेली वायर दिवसा रखडायची आणि रात्री मरायची.

भूपेश परस ओलांडून धावला आणि त्याने दारावर थाप मारली. आई दार उघडते न उघडते तोच तो ओरडायला लागला. "कशाला लावतेस दार? चार दिस मरतंय मी इथं. कोन जानार हाय मागच्या दारानं? हाय काय आपल्या घरात जायाला?"

भागूबाईच्या हातात निरांजन होतं. तिने तोंड उघडलं, रुमाल तेवढा हलला. उत्तर द्यायला जिच्याकडे आवाज नाही तिच्यावर आपण आवाज चढवलाय, हे भूपेशला कळलं आणि तो मटकन उंबऱ्यावर बसला. तिथेच त्याने सगळं सांगून टाकलं. सीड्या, गाणी, पुसलेल्या टेपा, स्वप्नाचं लगीन, टकटक. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग निरांजन आत ठेवून आली, मागचं दार सताड उघडलं, कोपऱ्यातला पाट आणून उंबऱ्याच्या आत टाकला आणि त्यावर बसली. लक्ष्मी जायलाच निघाली तर तिला भागूबाईला ओलांडून जावं लागलं असतं.

भूपेशने क्लिफर्डला फोन लावला. "वायर बदलायला जाऊ नको आता," क्लिफर्ड म्हणाला. "पीसी हलला तर संपलं. दार उघडं ठेव. आणि मी सांगतो ते टाईप कर, म्हणजे मध्ये तुटलं तरी जिथपर्यंत आलंय तिथून पुढे घेईल." हे पहिल्या दिवशीच का सांगितलं नाहीस, असं विचारायचं भूपेशच्या ओठावर आलं होतं. पण फाईल मध्येच तुटते हे आपणही त्याला कळवलं नव्हतं, नेटवाल्याशी भांडत बसलो होतो, हे त्याला आठवलं.

उजाडता उजाडता फाईल आली, पुरती. न्याहारीच्या वेळेला जुन्या पीसीची टकटक थांबली आणि पडदा काळा झाला तो कायमचा. भूपेशला त्याचं काही वाटलं नाही. त्याने अंघोळ केली, लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि आईला समोर बसवलं. दिपिका हात पुसत येऊन उभी राहिली.

चित्र सुरेख होतं. पाटावर स्वप्ना, गालांना हळद. तिच्या शेजारी जात्यावर हात ठेवून भागूबाई, केस अजून काळे, गळा उघडा. तिने मान जरा वर केली, तोंड उघडलं आणि ती गायला लागली.

खोलीत शांतता होती. भूपेशने टीव्हीचा आवाज वाढवला. वायर काढून पुन्हा घातली. दुसरं एक गाणं लावून बघितलं, ते ठणठणीत वाजलं. मग त्याने फाईलची माहिती उघडली. चित्र होतं, आवाजाच्या जागी काहीच नव्हतं.

तेव्हा त्याला आठवलं. टेपवरून कॉम्प्युटरवर घेताना आवाज घ्यायचा की नाही, अशी एक खूण पडद्यावरच्या चौकोनात असायची. ती त्याने धंदा सुरू केला त्या वर्षीच काढून टाकली होती. वर गाणीच चढवायची, तर आवाज घेऊन फाईल जड कशाला करायची? स्वप्नाची टेप घेतानाही ती खूण तशीच राहिली. आणि त्या टेपवर पुढच्याच आठवड्यात गोखिवऱ्याचं कोणाचं तरी लग्न चढलं.

"आये," तो म्हणाला, "आवाजच नाय यात. मी घेतलाच नाय."

भागूबाईने त्याच्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं. मग टीव्हीतल्या बाईकडे बोट केलं, तेच बोट स्वतःच्या गळ्याला लावलं आणि पंजा हलवला. तिलाही नाही, मलाही नाही. आणि ती हसली. रुमाल भराभर हलला. दिपिकाने तोंड फिरवलं. भूपेशला रडू आवरेना. तो टीव्ही बंद करायला उठला, तर आईने त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं.

ती बघत राहिली. बघता बघता तिचे ओठ हलायला लागले, टीव्हीतल्या ओठांबरोबर, तिथे थांबले की थांबून. तिला शब्द न् शब्द येत होता. भूपेश एकदा या तोंडाकडे बघत होता, एकदा त्या. याच तोंडासमोर तो वीस वर्षं उभा राहिला होता, चेहऱ्यावर लाईट नीट पडलाय की नाही ते बघत.

"हलद दलायचा धवला ना, आये?" दिपिकाने विचारलं. भागूबाईने जोरात मान हलवली. दिपिका खाली बसली आणि तिने पहिली ओळ हळू आवाजात म्हटली. तिथे अडली. "पुढं काय?"

भागूबाईने तिच्याकडे वळून ओठ सावकाश हलवले. दिपिकाला कळलं नाही. भागूबाईने पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. भूपेश गुडघ्यावर पुढे सरकला, अगदी आईच्या तोंडाशी. तिसऱ्यांदाही दोघांपैकी कोणाला काही कळलं नाही, तेव्हा तिने सांगायचं सोडून दिलं आणि टीव्हीकडे वळून ती पुन्हा त्या बाईबरोबर म्हणायला लागली.