वीस सेकंद

त्या वर्षी आमचं युनिट राजस्थानात होतं. मी हवालदार, पीटीचा उस्ताद. लान्स नाईक नितेश माझ्या प्लाटूनमधला. तो तारापूरजवळच्या दांडीचा, मासेमारीच्या घरातला. मी जव्हारकडच्या डोंगरातला. मे महिन्यात आम्हाला एकत्र सुट्टी मिळाली. सुट्टी संपताच ब्रिगेडच्या धावण्याच्या टीमची ट्रायल होती. पाच किलोमीटर, सोळा मिनिटं तीस सेकंदांच्या आत. नितेशला दुसरं काही नको होतं, फक्त त्या टीमची जर्सी हवी होती.

म्हणून मी दांडीला त्याच्या घरी राहिलो. किनाऱ्यावरची वाळू मऊ असते. ओहोटीलाच घट्ट पट्टा उघडा पडतो. आम्ही त्यावर दोन काठ्या रोवून अंतर मोजलं. पहिल्या दिवशी ओहोटी सकाळी सहा दहाला होती. ती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. तसा आमचा सरावही सरकत गेला.

त्याची बायको कुंदावहिनी दारातून म्हणायच्या, "वरातीत एवडे पळाले असते तर माझा बाप मांडवात तीन तास उबा राह्यला नसता."

पाचव्या दिवशी घड्याळाने सोळा मिनिटं एकवीस सेकंद दाखवले.

"उस्ताद, किती?"

"सोळा एक्केचाळीस."

तो वाकून उभा राहिला. मग हसला. "तुमचं घड्याळ डोंगरातलं हाय. खारा वारा नाय सोसत त्याला."

मी खोटं बोललो होतो. आमच्या उस्तादांनी आमच्याशी हेच केलं होतं. समाधानी जवान सैल पडतो, असं मला शिकवलं होतं आणि ते मला खरं वाटत होतं. सहाव्या आणि सातव्या दिवशीही मी वीस सेकंद वाढवून सांगितले. सातव्या दिवशी तो हसला नाही.

आठव्या दिवशी मला घरी जायचं होतं. ओहोटी दुपारी बाराला होती.

"आज रेस्ट. ऑर्डर आहे."

"ऑर्डर युनिटमदी, उस्ताद. इथे मी सुट्टीवर हाय."

मी जव्हारच्या वाटेवर बसमध्ये असताना एक वाजून पाच मिनिटांनी फोन आला. कुंदावहिनी होत्या. "भाऊ, हे किनाऱ्यावर पडलेत. अंग नुसतं भाजतंय. मला ओळकत नायत."

"सावलीत घ्या. पाणी ओतत राहा. गाडी बघा."

माशांच्या टेम्पोतून त्याला बोईसरला नेलं. तो दोन पंचावन्नला गेला. मी तीन वीसला पोहोचलो. डॉक्टरांनी उष्माघात लिहिला.

पेन्शनवर आल्यावर मी पालघरच्या कॉलेजात नाव घातलं. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. वर्गातली मुलं मला काका म्हणतात. मानसशास्त्राच्या तासाला प्रेरणेचा धडा होता. त्यात आवडीचे दोन प्रकार सांगितले होते. एक आवड माणसाच्या हातात असते, तो ती थांबवू शकतो. दुसरी त्यालाच धरून ठेवते, आपण कमी पडतोय या भीतीवर ती वाढते. मॅडमनी विचारलं, कोणाला उदाहरण सुचतंय का? मी हात वर केला आणि लगेच खाली घेतला. मला नीट सांगता आलं नसतं. इथेही जमतंय की नाही, माहीत नाही.

मागच्या महिन्यात दांडीला गेलो आणि कुंदावहिनींना वीस सेकंदांचं सांगितलं. त्या सुकट पसरत होत्या. हात थांबला नाही. पाटी रिकामी झाल्यावर म्हणाल्या, "आदी पळून हसत यायचे, भाऊ. त्या शेवटच्या दिवसांत मुकाट पाय दाबत बसायचे. म्हनायचे, कुंदा, माजे पाय संपले."

मी माफी मागितली नाही. त्यांनी मला पाणी दिलं.

नितेश सुट्टीवर असताना गेला, म्हणून युनिटच्या स्मारकावर त्याचं नाव नाही. म्हणून इथे लिहितो. लान्स नाईक नितेश, राहणार दांडी, वय अठ्ठावीस. त्याला पळायला आवडायचं. मी शिकवायला लागेपर्यंत तरी आवडायचं.