बेंजोवरून अडलेलं लग्न

लोकांची लग्नं सोन्यावरून अडतात, मानपानावरून अडतात. आमच्या नणंदेचं लग्न बेंजोवरून अडलं.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. आम्ही जानेफळच्या बाजूला एका खेड्यात राहायचो. ह्यांचं किराणा दुकान, थोडी शेती, घरात सासूबाई आणि लग्नाची नणंद कुसुम. सासरे आधीच गेलेले, म्हणून कुसुमचं लग्न करायची जबाबदारी ह्यांच्यावर होती. दुसरी जबाबदारी होती शाहीर हरबाजींची. ती ह्यांना कोणी दिली नव्हती, ह्यांनीच घेतली होती.

हरबाजी स्वतःच गाणी रचायचे, स्वतःच म्हणायचे आणि त्यांच्या रेकॉर्डी निघायच्या. आमच्याकडे रेकॉर्डीला तवा म्हणत. पहिले तवे निघाले तेव्हा हरबाजीबुवांच्या हातात डफ, मागे एक तुणतुणंवाला, बस्स. पुढे बुवांचं वय झालं, नाव झालं, आणि कोणीतरी त्यांच्यामागे बेंजो, क्लॅरिनेट आणि सुरात सूर ओढणाऱ्या बायांचा ताफा आणून बसवला. (बेंजो म्हणजे ते टाइपरायटरसारखं बटणांचं वाद्य.) झालं. जिल्ह्यात दोन तट पडले, एक जुन्या तव्यांचा आणि एक नव्या तव्यांचा. पारावर भांडणं, एसटीत भांडणं. आमच्या गावात तर एक माणूस आठवडाभर अर्धी दाढी घेऊन हिंडला, कारण न्हावी नव्या तव्यांचा होता आणि गिऱ्हाईक जुन्या.

आमचे हे जुन्यातले कडवे. घरात ग्रामोफोनवर जुना तवा लागला की मी फोडणी घालायची नाही, कारण चर्र झालं की तुणतुणं दबतं. वरण बिनफोडणीचं उतरायचं, आणि मग तेच ताटावर बसून विचारायचे, "आज वरणाले चव काऊन नाही?" नव्या तव्यांचं नाव काढलं तर म्हणायचे, "बुवा गेले. आता जो गाऊन राह्यला तो त्यायचा भाडोत्री हाय." बुवा तिकडे धडधाकट, रोज दोन भाकरी खाऊन कार्यक्रम करत होते. पण ह्यांनी त्यांचं सुतक धरलं ते धरलंच.

अशात कुसुमला देऊळगाव राजाचं स्थळ आलं. कुसुम उंच. दोन ठिकाणांहून तिला त्या उंचीपायीच नकार आला होता, आणि सासूबाई तिला चालताना सुद्धा "जराशी वाकून चाल वं" म्हणायच्या. हा मुलगा शाळामास्तर, आणि टोपी काढूनसुद्धा तिच्याहून उंच. कुसुमनं त्याला दाराआडून पाहिलं, आणि त्या दिवशी तिच्या हातून आधी ताक सांडलं, मग पीठ, मग दिव्याचं तेल. मी समजले की हे लग्न झालंच पाहिजे.

अडचण एकच होती, आणि ती मध्यस्थानं आम्हाला अगदी शेवटी सांगितली. मुलाचे वडील नव्या तव्यांचे होते. बालाजीच्या यात्रेत बुवांचा कार्यक्रम असला की पहिल्या रांगेत घोंगडी टाकून दुपारपासूनच बसणारे.

सासूबाईंनी ह्यांना देवापुढे उभं केलं. "हरबाजीचं नाव काढशीन तर म्या ह्या घरचं पाणी पेणार नाही."

"नाही काढत, माय."

"मनातबी काढू नोको. तुह्या तोंडावर दिसते."

पाहुणे आले, मुलगी पसंत पडली, जेवणं झाली, आणि नारायणराव (म्हणजे मुलाचे वडील) तृप्त होऊन पाण्याच्या पेल्यावर बोटं वाजवू लागले. वाजवता वाजवता गुणगुणू लागले. नवा तवा होता म्हणे. मी कशाला ओळखते, पण ह्यांच्या मानेची शीर टरारली त्यावरून मला कळलं. ह्यांचं तोंड उघडायच्या आत मी त्यांच्या ताटात पळीभर शिरा वाढला. तो संपून पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा शिरा. नारायणराव माझ्याकडे पाहून मुलाला म्हणाले, "पहा, नवऱ्याला वाढणं कसं असतं ते." स्थळ पक्कं झालं. ह्यांनी पुढे दोन दिवस जेवण घेतलं नाही.

लग्न आमच्या दारी. मेहकरहून सत्तारभाईंचा बॅटरीवरचा भोंगा सांगितला होता. सत्तारभाई भोंगा बांधून, बॅटरी खाटेखाली सारून आपल्या पेटीतून तवा काढतात, तोच ह्यांनी आपली पेटी त्यांच्यापुढे ठेवली. "आज हे. दुसरं काई नाही."

मग सकाळपासून डफ आणि तुणतुणं. भोंग्याचं तोंड नेमकं शाळेकडे, आणि जानवसा शाळेतच दिलेला. मी वऱ्हाडाला चहा घेऊन गेले, तर नारायणराव ओसरीत बसलेले, कपाळाला आठ्या.

"बाई, मुलीच्या भावाला सांगा, पहाटपासून तुणतुणं ऐकू राहिलो. आता जरा नवं लावा. शुभ वाटतं."

मी मांडवात येऊन ह्यांना सांगितलं. हे आचाऱ्याला साखर काढून देत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याह्यले सांग, मांडव आमचा हाय अन् भोंगाबी आमचाच हाय."

आता हा निरोप असाच्या असा न्यावा का? मी शहाणपण केलं. जाऊन सांगितलं, "मामाजी, ते नवे तवे शोधून राह्यले."

नारायणराव खूश. पाव तास वाट पाहिली. भोंग्यावर डफच. मी फराळाची ताटं घेऊन गेले तेव्हा ते म्हणाले, "अजून शोधू राहिले का? नव्या तव्यांचं तुमच्या घरात एवढं वावडं आहे का?"

मी म्हटलं, "वावडं नाही, मामाजी. घरात एकबी नाही म्हणून."

हे ऐकून त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवून गुडघ्यावर ठेवला. लग्नात वरपक्ष रुसतो हे मला ठाऊक होतं. कोणी अंगठीसाठी रुसतं, कोणी सायकलीसाठी. नारायणराव म्हणाले, "पऱ्हाटीचं गाणं लागेल, बेंजोवालं, तेव्हाच हा फेटा डोक्यावर जाईल. तोवर नवरदेव इथून हलत नाही."

पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, गाणं बुवांनी दोनदा म्हटलेलं. एकदा तरुणपणी डफावर, आणि एकदा म्हातारपणी बेंजोवर. सगळ्या भांडणाचं मूळ तेच गाणं. मी नवरदेवाच्या आईकडे पाहिलं. ती बाई सुपारी कातरत शांतपणे म्हणाली, "ह्यांचं असंच असतं. आमच्या धाकटीच्या बारशाला नाव ठेवायचं राहिलं होतं ह्या तव्यांपायी." नवरदेव खांबाला टेकून उभा. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण बापापुढे मास्तर वर्गातल्या पोरासारखा झाला होता.

परत आले. कुसुम हळदीच्या अंगानं पाटावर बसलेली. तिनं माझा पदर धरला.

"वैनी, तिकडे काय म्हणून राह्यले?"

"तुहा सासरा रुसला."

"अन् मास्तर?"

"मास्तर खांबाले टेकून हाय."

"मंग दादाले सांगा ना. म्या जलमभर जुनेच तवे आयकीन, पण आजच्या दिस लावू द्या म्हणा." तिचे डोळे भरले. "आता ह्या उंचीचा दुसरा कोण भेटते मले?"

एवढं ऐकल्यावर मी ह्यांना विचारायच्या भानगडीत पडलेच नाही. सरळ सत्तारभाईंकडे गेले. म्हटलं, एक जुना लावा, एक नवा लावा, दोन्ही घरं खूश.

सत्तारभाई म्हणाले, "भाभी, मले काय हाय? तुमी म्हणसान तं कोंबडा लावतो. पण दुकानदार?"

"त्यायले म्या पाह्यतो," असं मी म्हटलं. हे वाक्य मी लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच म्हटलं होतं आणि त्यानंतर कधी म्हटलं नाही.

सत्तारभाईंनी आपल्या पेटीतलं बेंजोवालं पऱ्हाटीचं गाणं लावलं. तिकडे शाळेत नारायणरावांनी फेट्याचा पहिला वेढा घेतला. इकडे हे बुंदीच्या कढईजवळ उभे होते. पहिलंच बटण वाजलं तसे झाऱ्यासकट धावले, खाटेखाली शिरले आणि बॅटरीची वायर उपटली.

भोंगा बंद.

आमच्या भागात लग्नाच्या दिवशी भोंगा सकाळी सुरू झाला की वरात जाईपर्यंत बंद पडत नाही. मधेच बंद पडला तर त्याचा अर्थ दोनपैकी एक, कोणीतरी गेलं किंवा लग्न मोडलं. आणि कोणी गेल्याचं रडणं तर ऐकू आलं नव्हतं. म्हणजे लग्नच मोडलं.

आचाऱ्यानं आधी कढईखालचं लाकूड ओढलं, बुंदी वाया जाऊ नये म्हणून. बाहेरगावच्या पाहुण्यांनी बैल जुंपायला घेतले. वाजंत्रीवाले सनया पिशवीत घालून बिदागीचं काय म्हणून विचारू लागले. आमची एक चुलत सासू कुसुमच्या गळ्यात पडून रडू लागली, "पोरीचं नशीबच उंच, बापा, कोनाचा हात पुरत नाही." तिला पाहून बाकीच्या बाया रडल्या. त्यांना पाहून सासूबाई रडल्या. कुसुमकडे पाहवेना म्हणून मी रडले, आणि मला तर भोंगा का बंद पडला ते चांगलं ठाऊक होतं.

तिकडे शाळेतही हाच अर्थ निघाला. मुलीकडच्यांनी लग्न मोडलं, अशी बोंब उठली. नारायणराव तसेच निघाले. फेटा अर्धा डोक्यावर, अर्धा मागे धुळीत, त्यामागे नवरदेव, त्यामागे अख्खं वऱ्हाड. ज्यांना मांडवात आणायला मी सकाळपासून चपला झिजवल्या, ते असे आपण होऊन आले.

"वायर कोणी काढली?"

"म्या काढली," हे म्हणाले. हातात झारा.

"माझ्या लेकाच्या लग्नात?"

"माह्या बहिणीच्या मांडवात."

"अहो, जुन्या तव्यात बुवा ओरडतात. नव्यात गातात."

"त्या वक्ती बुवाच्या पोटात भूक होती, म्हणून तसा आवाज निंघे. आता पोटात बुंदी हाय, अन् तेच आयकू येते."

"म्हणजे तुम्हाला गाणं आवडावं म्हणून त्या माणसानं जन्मभर उपाशी राहावं का?"

यावर हे जास्तच जोरात बोलू लागले. भटजी मधे शिरून मुहूर्ताचं काहीतरी सांगत होते. दोघांनी त्यांना एकाच वेळी हातानं बाजूला सारलं. मास्तर कुसुमकडे पाहत होता, कुसुम मास्तरकडे, आणि तिचे डोळे रडून लाल.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले. पदर डोक्यावर होता की नाही, आठवत नाही.

"आयका," मी म्हटलं. "सकाळपासून म्या तुमचं जुनंबी आयकलं अन् नवंबी आयकलं. मले तं दोन्ही एकसारखेच वाटतात."

बैल जुंपणारे पाहुणेसुद्धा जू सोडून माझ्याकडे पाहू लागले.

नारायणराव माझ्याकडे वळले. "एकसारखे?"

"हाव."

"आत्ता पऱ्हाटीच्या गाण्यात बेंजो आला, तो नाही कळला?"

"कवा आला?"

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान खाली घातली. बहिणीचं लग्न मोडायला आलं तेव्हा जो माणूस ताठ उभा होता, तो आता शरमेनं वाकला.

"लग्नाला किती वर्षं झाली?" नारायणरावांनी हळू आवाजात विचारलं.

"आठ."

"आठ वर्षं." त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, हे आधी बोलायचं नाही का. मी उगा तुमच्याशी भांडू राहिलो."

"कोनाले सांगू, मामाजी? घरातली गोष्ट हाय."

पुढे पाच मिनिटांत काय घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते. ह्यांनी स्वतः खाटेखाली शिरून वायर जोडली. नारायणरावांचा फेटा पुन्हा बांधायचा होता, त्याचं दुसरं टोक ह्यांनी धरलं. भोंग्यावर आधी कोणता तवा लावायचा यावरून "तुमचा लावा", "नाही नाही, तुमचा लावा" असं सुरू झालं. शेवटी भटजींनी कोणताच लावू दिला नाही आणि मंगलाष्टका सुरू केल्या. चुलत सासू रडत होती ती रडतच राहिली, फक्त कारण बदललं. कुसुमनं हार घालायला हात वर केले, चांगले उंच, आणि जन्मात पहिल्यांदा ती वाकली नाही.

मी मात्र ते धड पाहिलं नाही. दोघं माझ्या दोन बाजूंना उभे होते. मंगलाष्टकेच्या दर कडव्यानंतर एका कानात नारायणराव सांगायचे, "बेंजो असा टिणटिणतो बघा," आणि दुसऱ्या कानात हे, "तुणतुणं तसं नसते, ते तुंव तुंव करते." अक्षता मी नवरा-नवरीवर टाकायच्या त्या वैतागून ह्यांच्यावर टाकल्या. जेवणं झाल्यावर त्यांनी मला ग्रामोफोनपुढे बसवलं आणि पऱ्हाटीचं गाणं दोन्ही तऱ्हेनं ऐकवलं.

"हे कोणतं?"

"जुनं."

दोघांनी एकदमच कपाळाला हात लावला. इतकं एकमत मी दोन व्याह्यांत कुठं पाहिलं नाही.

कुसुमला आता नातवंडं आहेत. दोन्ही घरांत मानपानावरून, आंब्याच्या वाट्यावरून कुरबुरी झाल्या, पण मला गाण्यातलं काही कळत नाही यावर कधी मतभेद झाला नाही. देऊळगाव राजाचं कोणीही आलं की चहाच्या आधी मला बसवतात, तवा लावतात आणि विचारतात. मी दर वेळी "जुनं" म्हणते. निम्म्या वेळा ते बरोबर निघतं, आणि त्या दिवशी पाहुणे बिचारे नाराज होऊन परत जातात.