खळ्याबाहेरचा पट्टा

कुंडलिक इंदापूर ठाण्याचा शिपाई. दरोडेखोरांच्या मागावर तो बारामतीच्या माळापर्यंत गेला होता आणि धडधाकट परत आला होता. त्याचा डोळा गेला तो १९३४ च्या माघात, भर दुपारी, वरकुट्याच्या एका खळ्यात.

गस्त नेहमीचीच होती. गावात जायचे, पाटलाची सही वहीत घ्यायची, पुढची वाट धरायची. सही घेऊन तो निघाला, तोच खळ्यातून आरडाओरड ऐकू आली. सावळाराम आणि त्याचा धाकटा भाऊ रामहरी ज्वारीच्या वाटणीवरून एकमेकांच्या अंगावर धावत होते. कुंडलिक पळत सुटला. टोपी वाटेतच पडली. खळ्याच्या कडेला मात्र तो थांबला. धान्याची रास म्हणजे लक्ष्मी, तिच्याजवळ चामडे नेत नाहीत, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. त्यातून मागल्या साली याच सावळारामाने बजावले होते, "कुंडलिकराव, पट्टा भाईर. सरकारचा असला तरी चामडंच हाय त्ये."

त्याने वहाणा काढल्या. नंबराचा पितळी बिल्ला असलेला पट्टा सोडला. दंडुका पट्ट्यातच राहिला. रिकाम्या हातांनी तो दोघांमध्ये शिरला. सावळारामाने ज्वारी ओढायचे लोखंडी दाताळे उगारले होते रामहरीवर. बसले ते कुंडलिकच्या उजव्या डोळ्यावर.

जखम कामावर असताना झाली असे ठरले, तर ठाण्यात बसून करायचे काम मिळणार होते. नाहीतर नोकरी गेली. चौकशीच्या दिवसापर्यंत भाऊ एक झाले होते. ज्याच्यावरचा घाव कुंडलिकने झेलला, तो रामहरी म्हणाला, आपले तिकडे लक्षच नव्हते. आणि सावळाराम फौजदारांना शांतपणे म्हणाला, "पट्टा न्हाय, टोपी न्हाय. सदऱ्यावरनं मला पोलीस कसा दिसावा, सायेब?"

पट्टा का काढला, ते कुंडलिकने सांगितले. फौजदार शहरात वाढलेले. त्यांनी लिहिले, शिपायाने गणवेश आपणहून उतरवला. नाव कमी झाले.

पुढल्या माघात कुंडलिक सणसरला उसाची राखण करत होता. एकदा वरकुट्यावरून जाताना सावळारामाने खळ्यातून हाक मारली. मागत्यांसाठी काढलेल्या ज्वारीचे सूप त्याच्या हातात होते.

"या की, कुंडलिकराव. पदरात घ्या थोडी."

कडेशी येताच कुंडलिकचे पाय आपसूक वहाणांतून निघाले. डोळा गेल्याचा आला नव्हता इतका राग त्याला त्या पायांचा आला. त्याने वहाणा पुन्हा चढवल्या आणि तसाच राशीपर्यंत चालत गेला.

"आता दिसलो का?" कुंडलिकने विचारले, आणि ज्वारी न घेता तो माघारी फिरला.

घरी त्याने हे ठमाबाईला सांगितले. नवऱ्याच्या डोळ्यासाठी सावळारामाला वर्षभर शिव्याशाप देणाऱ्या त्या बाईने हातातले काम खाली ठेवले. मग म्हणाली, "भरल्या राशीत? वहाणा घालून?"

सकाळी नारळ घेऊन ती वरकुट्याच्या वाटेला लागली. सावळारामाच्या राशीपुढे तिने तो फोडला, हात जोडले आणि नवऱ्याच्या वतीने माफी मागितली. सावळारामाने मोठ्या मनाने ती दिली.