द्वारकामावशीच्या सुया

नाशिकरोडच्या फलाटावर सासूबाईंनी विचारलं, “या कोण?” मी म्हणाले, “दुकानातल्या बाई. शिवणयंत्राच्या सुया द्यायला आल्यात.”

लग्नाला आठवडाही झाला नव्हता. मुंबईहून मोंबासाची बोट, तिथून नैरोबी. समोर द्वारकामावशी धापा टाकत उभी, हातात फडक्यात गुंडाळलेलं भलंमोठं चौकोनी काहीतरी. पण तिनं चेहरा हलू दिला नाही. “हो, सुयाच. जपून न्या हो, समुद्राच्या हवेनं गंजतात.” मला ‘न्या’ म्हणाली. एरवी मी तिची ‘भवानी’.

मैत्रिणींनो, तुम्ही तिकडे राहिलात, काहीजणी माझ्यासारख्या इकडे आलात. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

मावशी नात्याची नव्हे, शेजारची. नवऱ्यामागे तिनं मेनरोडमागच्या बोळातलं शिवणयंत्रांचं दुकान चालवलं आणि त्यात फोनो नि रेकॉर्डी आणून ठेवल्या. संध्याकाळी पुरुष गिऱ्हाइकं यायची. मंगळवारी दुपारी आपण, यंत्राला तेल आणते असं घरी सांगून. आई म्हणायची, “एवढं तेल पाजलंस, आता ते यंत्र शिवायचं सोडून पोहायला लागेल.”

जुन्या रेकॉर्डींवर गाणं संपलं की गाणारी बाई घाईघाईनं आपलं नाव सांगे. मावशीनं तोच नियम केला. दुकानात जी गाईल तिनं शेवटी स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं. अमक्याची सून, तमक्याची आई चालणार नाही. कारकुनांकडच्या काकूंना आधी नावच फुटेना. मग भद्रकालीत कपडे शिवणारी अमीनाबी गळा सोडून गायली आणि म्हणाली, “मेरा नाम अमीना. रेकॉर्ड नहीं निकली, फुकट में सुन लो.” हसता हसता काकूंच्या तोंडून ‘सरस्वती’ निघालं. मग त्या गप्प बसेचनात.

मला पाहायला आले तेव्हा सासऱ्यांनी विचारलं होतं, “गाणंबिणं नाही ना?” मी नाही म्हणाले. फलाटावर तेच निभावलं.

नैरोबीत फडकं सोडलं, तर आत आपण दर मंगळवारी लावायला सांगायचो ती रेकॉर्ड. रोज मागणी असूनही मावशीनं कधी न विकलेली. मी ती साड्यांखाली दडपली. मावशीला पत्र उद्या लिहू, परवा लिहू, असं करत राहिले. काय लिहायचं तेच सुचेना. मग आईनं कळवलं, मावशी गेली.

सासरे वारल्यावर सासूबाई एकदा माझी ट्रंक आवरत होत्या. रेकॉर्ड वर काढून म्हणाल्या, “बघू तरी या सुया कशा वाजतात.” मी शेजारचा फोनो मागून आणला आणि ती लावली. शेवटी गाणाऱ्या बाईनं नाव सांगितलं तसं सासूबाई म्हणाल्या, “दुसरी बाजू लाव.”

आता रविवारी इथल्या बायका आमच्याकडे जमतात. मराठी, गुजराती, एक गोव्याची. गातात, नावं सांगतात. ही पद्धत कोणाची असं पूर्वी कोणी विचारलं की मी म्हणायची, अशीच, मला सुचली. फलाटावर निदान घाबरले होते. इथे कशाला घाबरत होते?

नाशिक आठवलं की मला आता घाट दिसत नाही, त्या बोळातल्या तेलाचा वास येतो. परवा गाऊन झाल्यावर मी माझं नाव सांगितलं, आणि पुढे म्हणाले, “द्वारकामावशीच्या दुकानातली.”

“त्या कोण?” गोव्याच्या बाईनं विचारलं.

“माझी मावशी. मला गायला तिनं शिकवलं.”

कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, “आणि सुया फार मोठ्या विकायची.”