शेजारच्या सीटवरचे वझलवारकाका

वझलवारकाका कोणालाही गाडी शिकवायला बसले की आधी पायातले बूट काढत. कारण विचारलं तर म्हणत, "बूट असले की माझा पाय ब्रेक शोधते. शिकणाऱ्याला ते दिसते, आणि तो घाबरते." हिवाळ्यात लोकरी मोज्यांचे दोन जोड चढवून, मांडीवर चहाचा थर्मास धरून ते शेजारच्या सीटवर बसत. गाडी सुरू होण्याआधी त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे, "गाडी तुझी. मी सवारी."

आम्ही पुण्याहून कॅनडातल्या केंब्रिजला, त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा ते निवृत्त झालेले होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरहून इकडे आले, मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून राबले, बायको गेल्यावरही त्याच घरात राहिले. मुलगा टोरांटोजवळ वॉनला असतो, एवढं सांगत. त्यापुढे काही सांगत नसत. चाळीस वर्षं कॅनडात काढूनही बोलण्यातलं नागपूर हललं नव्हतं. आसपासच्या मराठी घरांतली मुलं सोळा वर्षांची झाली, लर्नर्स लायसन्स हातात आलं, की आईबाप त्यांना काकांकडे पाठवत. काका पैसे घेत नसत. फक्त आईबापांनी गाडीत बसायचं नाही. "मागं आई बसली की गाडीला दोन ड्रायव्हर होतात," म्हणायचे.

आमची मुक्ता सोळाची झाली त्या उन्हाळ्यात तीही दर रविवारी त्यांच्याबरोबर जाऊ लागली. सुरुवात एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये झाली. मग शेतांमधले रस्ते, मग ग्वेल्फ गाव, मग पार तासाभरावरचं स्ट्रॅटफर्ड. शिकवणी इतकी लांबत का चालली आहे, असा प्रश्न मला पडला नाही. काका काम कसून करतात, एवढंच वाटलं.

नोव्हेंबरात तिचं जॅकेट धुवायला टाकताना खिशातून सिगारेटचं पाकीट निघालं. माझा नवरा शिरीष कधी आवाज चढवत नाही. त्या संध्याकाळी त्यानं चढवला. मुक्ता खाली मान घालून बसली होती. शेवटी म्हणाली, "आय ॲम ऑलरेडी क्विटिंग, बाबा. आस्क काका."

त्या वाक्यानं शिरीष आणखी भडकला. ही सिगारेट ओढते हे शेजारच्या म्हाताऱ्याला ठाऊक आणि आपल्याला नाही. शिकवणी बंद, असं त्यानं तिथंच सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांकडे गेले. पहिला बर्फ पडला होता आणि ते ड्राइव्हवे शोव्हल करत होते. मला पाहून त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"सप्टेंबरपासून."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीत."

"नाही." त्यांनी हातमोजे काढले. "वॉशरूमला जायचं म्हणून सारखी गाडी थांबवायची. परत आली की वास. मी म्हटलं, लपून काहून ओढून राहिली? तर रडायला लागली. सोडायची आहे म्हणे, पण जमून नाही राहिलं."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत ओढायची नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली होती. आणि दर रविवारी ते रस्ता थोडा लांबवत होते. "तलफ येते तेव्हा तिचे हात स्टिअरिंगवर घट्ट होतात, मला दिसते. मी म्हणतो, त्या समोरच्या धान्याच्या सायलोपर्यंत चल फक्त. सायलो येते तोवर तलफ उतरली असते. मग पुढचं चर्च दाखवतो."

"रविवार झाला. बाकीच्या दिवसांचं काय?"

"त्याला तुम्ही पाहिजे. म्हणून तिला म्हणून राहिलो होतो, आईला सांग. आज सांगते, उद्या सांगते, चाललं होतं तिचं."

मी म्हटलं, "काका, ती आमची मुलगी आहे."

"आहे नं. रागवा, तो तुमचा हक्क आहे. तुम्हाला नाही सांगितलं ही माझी चूक असेल. पण तिनं पहिल्यांदा कोणाला तरी खरं सांगितलं होतं. ते मी उचलून तुमच्या दारात आणून टाकलं असतं, तर पुन्हा कोणाला सांगितलं असतं तिनं?"

माझा राग गेला नव्हता. मी निघाले तेव्हा ते मागून म्हणाले, "खिसे तपासू नका. रोज विचारू नका. डॉक्टरकडे न्या, पण तुम्ही बाहेर बसा. ती चिडेल, दारं आपटेल, सारखी भूक लागेल. खायला द्या. दारं आपटू द्या."

आम्ही तसं केलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. फॅमिली डॉक्टरांशी मुक्ता एकटीच बोलली. बाहेर आली ती निकोटिनच्या च्युइंगगमची माहिती घेऊन. ती चिडली, दारं आपटली, परातभर चिवडा दोन दिवसांत संपवला. सगळ्यात अवघड गेलं ते शिरीषला. ती शाळेतून आली की तो जिन्याशी येऊन उभा राही आणि नकळत वास घेई. मी त्याला काही ना काही कारण काढून बेसमेंटमध्ये पिटाळत असे. पुढे तो स्वतःच तिला घेऊन नदीकाठी फिरायला जाऊ लागला. दोघं काय बोलत ते मी विचारलं नाही. जानेवारीत एका रविवारी त्यानं तिला काकांच्या दारात नेऊन सोडलं. काकांनी त्याला फक्त चहा विचारला.

मार्चमध्ये परीक्षा होत्या. एका संध्याकाळी मी पोळ्या करत असताना मुक्ता ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, आय स्मोक्ड. वीकएंडला. जेनाच्या घरी."

सगळी मेहनत पाण्यात गेली असं वाटलं. जिभेवर आलेलं गिळून मी विचारलं, "मग आता?"

"आता परत स्टार्ट करणार. आय मीन, परत सोडणार." तिला स्वतःच्या वाक्याचं हसू आलं, मग डोळे भरले.

ती खोलीत गेल्यावर मी काकांना फोन करून सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "कोणी पकडलं तिला?"

"नाही. तिनंच सांगितलं."

"मग तुम्ही रडून काहून राहिल्या? गाडी बंद पडली, परत किल्ली फिरवायची. इंजिन नाही जळलं."

त्या उन्हाळ्यात ती आणखी एकदा घसरली, तेही तिनंच सांगितलं. त्यानंतर मात्र थांबलं. विद्यापीठात शिकायला ती हॅलिफॅक्सला गेली तेव्हा तिची बॅग तिनंच भरली, आणि मी खिसे पाहिले नाहीत.

काकांची नजर अधू होत चालली होती. वयामुळे द्याव्या लागणाऱ्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेला बोलावणं येण्याआधीच त्यांनी स्वतःहून लायसन्स परत केलं. मग मुलगा येऊन त्यांना वॉनला घेऊन गेला. जाताना आम्ही फाटकाशी उभे होतो. शिरीषला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. काकांनी त्याचा खांदा दाबला आणि म्हणाले, "विंटर टायर लावून घ्या, उशीर करता तुम्ही दरवर्षी."

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. मुक्ता हॅलिफॅक्सहून आली आणि आम्हाला तिनंच गाडीतून वॉनला नेलं. अंत्यसंस्काराच्या जागी पोचलो तर दाराबाहेर, थंडीत, काकांचा मुलगा अनिरुद्ध सिगारेट ओढत उभा होता. पन्नाशीकडे झुकलेला, कपाळ थेट बापाचं. मी ओळख करून दिली आणि त्याच्या वडिलांनी मुक्तासाठी काय केलं ते थोडक्यात सांगितलं. वाटलं, या वेळी त्याला ऐकायला बरं वाटेल.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझ्या वेळी बाबांनी माझी बॅग पोर्चवर ठेवली होती. आय वॉज सेव्हंटीन. माझ्या खिशात पाकीट सापडलं म्हणून." आवाजात तक्रार नव्हती. "आई घरात रडत होती. मी मित्राकडे गेलो, आणि मग कितीतरी वर्षं घरी गेलोच नाही. ते मुलांना गाडी शिकवतात, हे लोकांकडून कळायचं." त्यानं राख झटकली. "त्या समरला ते मला शिकवणार होते."

आत लोक बसलेले होते, भटजी कोणाला तरी शोधत होते. शिरीष आणि मी आत निघालो. मुक्ता आमच्याबरोबर आली नाही. ती अनिरुद्धच्या शेजारी उभी राहिली, त्याची सिगारेट संपेपर्यंत. मग दोघं बरोबरच आत आली.