शिवेवरची मोटार

माझी बायको कौसा गेली त्याला सव्वा महिना झाला. त्या दुपारी आमी दोघं मोटारीचं छत दुरुस्त करायलो होतो. जुनी लॉरी, पत्र्याला चाळणीगत भोकं. मी वर डांबराचा डबा घेऊन, ती आत उताणी पडून. उजेड दिसला की भोकातून केरसुणीची काडी वर काढायची अन् ओरडायची, "हितं बघा, हितं! डोळे हायत का बटनं?" मी डांबर थापायचो. सात-आठ भोकं बुजली. मग काडी वर आली न्हाई... मला वाटलं, भोकं संपली. वरूनच म्हणालो, "आता थेंब गळला तर नाव बदलीन." ती गप. मी खुशाल डब्याचं झाकण लावलं, हात पुसले, बिडी ओढली अन् मग उतरलो. काडी तिच्या हातातच होती.

ही मोटार आमचं घर. मी एका जहागीरदाराकडं ड्रायव्हर होतो. त्यानं नवी आणली, ही मोडकी मला दिली. मागं फळ्या ठोकून खोली केली, एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्यात कल्हईचा भाता. पालम, राणीसावरगाव, पोखर्णीची जत्रा... बाजार धरून हिंडायचं अन् भांड्यांना कल्हई लावायची. जंग चाललं होतं तवा पेट्रोल मिळंना. मग मोटारीला भाड्याचे बैल जुंपायचो. कौसा स्टेरिंग धरायची, मी पुढं बैल हाकायचो. लोक हसले की ती आतून म्हणायची, "हसा बाबांनो, पर वाट सोडा."

हिंडून आलं की मुक्काम मात्र कायम ह्याच शिवेवर. दोन गावांच्या मधल्या धोंड्यापाशी दोन चाकं अलीकडं, दोन पलीकडं. गावात मोटार घातली की पाटील वेठीला धरायचा. फुकटात अंमलदाराचं सामान ने, त्याची बायकापोरं आण. शिवेवर राहिलं की वरचं गाव विचारायला आलं तर मी खालचा, खालचं आलं तर मी वरचा. वीस वर्षं कुणाच्या हाती लागलो न्हाई. लय घमेंड होती मला त्याची.

कौसा त्यावर एकदाच बोलली. "जित्तेपणी चालतंय अवो. मेल्यावर खांदा कोण देणार? ह्यो धोंडा?" मी म्हणालो, "तू आधी मर तर खरं." असं बोललो... बोलायला नको होतं.

ती गेली त्या दिवशी दोन्हीकडची माणसं जमली. वाईट कुणीच न्हाई. पण परगावचं मढं आपल्या मसनवट्यात कसं न्यायचं, पाटलाला काय सांगायचं, म्हणून वरचे खालच्यांकडं बघायचे, खालचे वरच्यांकडं. ऊन कलायला लागलं. मी धोंड्यापाशी उभा. कुणाला काय म्हणणार? मीच तर दोघांनाही आपलं म्हणू दिलं न्हाई.

तेवढ्यात खालच्या गावची म्हातारी सोनाबाई पाच-सहा बायका घेऊन आली. एकीच्या हातात हिरवं लुगडं.

"शिव काय मोजताव रे बाप्यांनो? पाणी कुठलं भरायची ती? आमच्या आडाचं! माझी सून बाळंतपणात अडली तवा दुपारभर तिच्या उशाला कोण बसलं होतं? आमची हाय कौसा. व्हा बाजूला, आंघोळ घालू द्या."

मला यातलं काही ठाऊक न्हवतं. पाण्याला जाऊन उशीर केला की मी तिच्यावर खेकसायचो, "आडात पडली होतीस का?" ती हसून घागर ठेवायची. ती तिकडं गाव करून बसली होती अन् मी इकडं शिव राखत होतो.

बायकांनी तिला न्हाऊ घातलं, मळवट भरला, ओटी भरली. खालच्या गावच्या माणसांनी तिरडी बांधली. खांद्याला माणूस कमी पडला न्हाई. वरच्या गावचेही मागनं आले.

टाकीत पेट्रोल न्हवतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाबाईच्या पोराची बैलजोडी मागून आणली. स्टेरिंगवर तोच बसला, मी बैल हाकले. मोटार धोंडा ओलांडून खालच्या गावात आडाजवळ नेली, चाकांना दगड लावले. मग चावडीवर गेलो.

"पाटील, मोटार गावात आणलीय. वेठीला बोलवायचं असंल तर बोलवा. नाव लिवून घ्या."

पाटलानं मान वर केली. "कुण्या गावचा म्हणून लिवू?"

"ह्याच," मी म्हणालो.